तळ्याच्या वाटेवरचे ठसे

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर गंमत म्हणून वाचतोय. वाचून झालं की बायकोला म्हणायचो, "नलिनी, आणखी एकाला पांढरी साडी दिसली बघ." भूतबाधा, करणी, हाका ऐकू येणं... यातलं काही मी कधी मानलं नाही. आजही मानतो असं म्हणवत नाही. पॉलिटेक्निकमध्ये सर्व्हेइंग शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. जमीन मोजायची, उतार काढायचा आणि मोजता येत नाही त्याबद्दल गप्प राहायचं, ही सवय. तरीही आज लिहायला बसलोय.

आधी भाषेबद्दल थोडं. आम्ही मैसूरचे मराठे. आमचे पूर्वज इथल्या फौजेत आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलतो, पण वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये कधी संपतं ते आमचं आम्हालाही कळत नाही. पुण्याकडचे पाहुणे हसतात. तेव्हा कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही जयलक्ष्मीपुरमला राहतो. आम्ही दोघं आणि आमची एकुलती एक मुलगी, शलाका. ती सॉफ्टवेअरमध्ये होती. दोन वर्षं पैसे साठवून तिने एक अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल घेतली — उंच, लांब सस्पेन्शनची, डांबरावरही चालते आणि कच्च्या वाटेवरही. नलिनी तेव्हा आठवडाभर तिच्याशी धड बोलली नाही. मी मात्र खूश होतो. तरुणपणी मीही मोटरसायकल खूप चालवलीय.

रविवारी पहाटे शलाका निघायची आणि जेवायच्या वेळेला धुळीने माखून परत यायची. एकदा हुणसूरच्या बाजूला, एका गावाच्या मागे तिला एक तळं सापडलं. मध्ये छोटं बेट, त्यावर दोन-तीन वाळलेली झाडं आणि झाडांवर नुसते पक्षी. ती जेवता जेवता सांगत होती, "आई, झाड दिसतच नाही गं. पांढरंच्या पांढरं. तुला एकदा नेते."

अडचण एवढीच होती, की मोठा रस्ता सोडला की तळ्यापर्यंत काळ्या चिकणमातीची वाट आहे. बाजूला भाताची शेतं, त्यांचं पाणी वाटेवर येतं. शलाका तिथे दोनदा पडली होती. गाडीचे मूळचे टायर रस्त्याचे, चिखलात त्यांचा काही उपयोग नाही. मग टायर बदलायचे ठरलं, आणि आमच्या घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता.

मी विचारलं, "टायरमध्ये एवढं काय बघायचं असतं?"

"अप्पा, सोपं आहे. डांबरावर जेवढं जास्त रबर टेकेल तेवढी गाडी धरून राहते. मातीत उलटं. तिथे रबरात मोकळी जागा पाहिजे. मोठे मोठे गुटके असतात ना, रबराचे ठोकळे, ते मातीत रुतले पाहिजेत आणि चाक फिरताना मधला चिखल बाहेर फेकला गेला पाहिजे. नाही फेकला तर टायर गुळगुळीत होतो. मग आयतु."

आयतु म्हणजे संपलं.

"मग दोन्हीकडे चालेल असा घे."

"तोच तर प्रॉब्लेम आहे. दोन्हीकडे चालणारा टायर दोन्हीकडे थोडा थोडा कमी पडतो. कुठे कमी पडलेला चालेल, ते आपण ठरवायचं."

ऐंशी टक्के रस्ता आणि वीस टक्के माती असे टायर असतात, निम्मे-निम्मे असतात, निव्वळ मातीचेही असतात. ती रात्रंदिवस व्हिडिओ बघायची, मित्रांशी वाद घालायची. शेवटी निम्मे-निम्मे घ्यायचे ठरवलं तेव्हा नलिनी म्हणाली, "रोज ऑफिसला डांबरावरून जातेस. मातीत काय ठेवलंय तुझं?"

"तुला तळ्यावर न्यायचंय ना. तू मागे बसलेली असताना गाडी घसरली, तर जन्मभर ऐकवशील मला."

नलिनी हसली होती. ते हसणं मला अजून दिसतं.

देवराज मोहल्ल्यात महादेवप्पांचं टायरचं दुकान आहे, तिथून बसवून आणले. या गुटक्यांच्या टायरला डांबरावर एक आवाज असतो — घुमल्यासारखा, वेग वाढला की चढत जाणारा. संध्याकाळी तो गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला की नलिनी उठून तवा ठेवायची. शलाका हेल्मेट काढून आत येईपर्यंत पहिला दोसा ताटात.

तिने नव्या टायरवर तळ्याला एकदा जाऊन बघितलं. एकटीच गेली होती. गाडी सरळ निघाली, म्हणाली. पुढच्या थंडीत पक्षी आले की आईला नेणार होती.

पावसाळ्यात तिला ताप आला. डेंग्यू होता. आधी साधा वाटला, मग प्लेटलेट उतरायला लागल्या, मग तिला आयसीयूमध्ये हलवलं. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. शेवटच्या दिवशी तिने मला एवढंच विचारलं, "अप्पा, गाडीवर कव्हर घातलंय ना?" मी हो म्हणालो. अठ्ठावीस वर्षांची होती.

यापुढचे महिने मला लिहिता येणार नाहीत.

गाडी अंगणात उभी होती. लोक म्हणाले विका. आमच्याने होईना. उभ्या उभ्या बॅटरी जाईल म्हणून मी ती दर रविवारी काढायला लागलो. रिंग रोडपर्यंत जायचं आणि यायचं. पहिल्यांदा परत आलो तेव्हा नलिनी स्वयंपाकघरात गॅससमोर उभी होती. तवा तापलेला. माझ्याकडे बघून तिने गॅस बंद केला आणि आत गेली. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मी येण्याआधी आवाज येत होता, आणि तिच्या हातापायांना तो आवाज कोणाचा ते माहीत होतं. तिला स्वतःला समजायला वेळ लागायचा.

एके दिवशी ती शांतपणे म्हणाली, "अहो, ते टायर काढून टाका. गाडी राहू दे. आवाज नको मला."

मागचा टायर तसाही मधोमध झिजत आला होता. मी महादेवप्पांकडे गेलो. ते कन्नडमध्ये म्हणाले, "सर, तुम्ही सिटीतच चालवणार. रस्त्याचेच घ्या. ओल्या डांबरावर ब्रेक चांगला लागतो, तुमच्या वयाला तेच बरं." मग जरा थांबून म्हणाले, "जुने घरी देऊ का बांधून?"

मी नको म्हणालो. सुम्ने, उगाच घरात ठेवून तरी काय करायचं? ते भंगाराच्या टेम्पोत गेले, ते मी उभं राहून बघितलं. नवीन टायर अगदी साधे, अरुंद खाचांचे. त्या दिवशी घरी आलो तेव्हा आवाज नव्हता. नलिनी खुर्चीत बसून होती. "आलात?" म्हणाली. मला वाटलं होतं तिला हलकं वाटेल. ती संध्याकाळभर रडली.

थंडीत एका सकाळी नलिनीच म्हणाली, "पक्षी आले असतील ना?"

मी तिच्याकडे बघितलं.

"ती नेणार होती. तुम्ही न्या."

उन्हं पडल्यावर निघालो. नलिनी मोटरसायकलवर कधी बसायची नाही. शलाकाचं जुनं जॅकेट घालून, दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवून ती बसली. मी तिला सांगितलं होतं, मोठ्या रस्त्यावर गाडी लावू आणि तिथून चालत जाऊ. पण वळणाशी पोचलो तर वाट वरून कोरडी दिसत होती. ट्रॅक्टरच्या जुन्या चाकोऱ्या वाळून कडक झालेल्या. जाऊ, म्हटलं, जाईल तिथपर्यंत.

एक वळण घेतलं आणि समोर सगळा चिखल. शेताचा बांध फुटून पाणी वाटेवर पसरलेलं, काळंभोर, चकचकीत. थांबायला वेळच मिळाला नाही. ब्रेक मारला असता तर तिथेच आडवे झालो असतो. मी हँडल घट्ट धरलं आणि मनात म्हटलं, पडणार. नलिनीच्या बोटांनी माझे खांदे आवळले.

गाडी हललीच नाही. म्हणजे चालत होती, पण डगमगली नाही. मी चिखलात गाडी घातलीय पूर्वी, तेव्हा मागचं चाक कसं शेपटासारखं फिरतं ते मला माहीत आहे. इथे चाक खाली रुतत होतं, धरत होतं, पुढे ढकलत होतं. मी काही केलं नाही. नुसता बसून होतो. चिखल संपून तळ्याचा बांध चढलो आणि गाडी उभी केली.

नलिनी उतरली. समोर बेट होतं, आणि झाडं खरंच पांढरी होती. ती बघत राहिली. किती वेळ, माहीत नाही.

मी गाडीची चाकं बघायला वाकलो. टायर नवेच, माझेच. खाचा चिखलाने पार बुजलेल्या, वरून गुळगुळीत. असा टायर त्या चिखलात एक फूटही सरळ जाणार नाही. मग मी मागे, आमच्या वाटेकडे बघितलं.

चिखलात गुटक्यांचे ठसे होते. मोठे, चौकोनी, एकाआड एक सरकलेले. खोल, स्वच्छ, कडा अगदी धारदार. ते थेट माझ्या मागच्या चाकापर्यंत आले होते.

आधी वाटलं, दुसरी कुठली गाडी आधी गेली असेल आणि आपण तिच्याच चाकोरीतून आलो. म्हणून मी चालत मागे गेलो, पार वळणापर्यंत. एकच माग होता. माझ्या टायरचा ठसा कुठेच नव्हता. आणि अजून एक गोष्ट होती. शलाकाच्या मागच्या टायरचा डाव्या कडेचा एक गुटका अर्धा तुटलेला होता. खाणीजवळच्या धारदार दगडावरून गेली तेव्हा तुटला, आणि ती चार दिवस स्वतःवर चिडली होती. इथे मागात, चाकाच्या एका फेरीएवढं अंतर सोडून, डावीकडे एक ठसा अर्धाच होता. पुन्हा तेवढ्याच अंतरावर अर्धा. पुन्हा अर्धा. अंतर बघून चाकाचा घेर सांगता येईल एवढं सर्व्हेइंग मला येतं. मी वाकून त्या अर्ध्या ठशात बोट घातलं. माती गार होती.

नलिनी कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. तिला टायरमधलं काही कळत नाही. पण तो माग बघून ती म्हणाली, "शलूचे आहेत."

मी फोन काढला. तिने माझ्या हातावर हात ठेवला. "नको हो. राहू दे तिचं."

मी फोन परत खिशात ठेवला. आता वाटतं घ्यायला हवा होता फोटो. तेव्हा नाही वाटलं.

मग मी गाडी थोडी पुढे ढकलून बघितली. चाकाखालून निघाला तो माझ्या नव्या टायरचा ठसा, अरुंद खाचांचा, अस्पष्ट. गुटक्यांचा माग जिथे गाडी उभी केली होती बरोबर तिथे संपत होता. तेवढ्यात गावाकडून म्हशी आल्या, दहा-बारा असतील. वाटेवरून तुडवत तळ्यात उतरल्या. मागे नुसता चिखल राहिला. आम्ही दोघं बाजूला उभे राहून बघत होतो. त्यांना अडवावंसं मला वाटलं, पण कशासाठी म्हणून अडवणार?

परतताना मी गाडी चिखलात घातली आणि दोन हातांवर मागचं चाक फिरलं. मी आडवा झालो. लागलं नाही. नलिनीने सँडल हातात घेतल्या आणि मागून ढकलायला लागली. गुडघ्यापर्यंत चिखल, दोघांना धाप लागलेली, जरा जाऊन थांबायचं, पुन्हा ढकलायचं. आलो तेव्हा जी वाट काही क्षणांत संपली होती, तिने आमची दुपार खाल्ली.

नंतर मी महादेवप्पांना सहज म्हणून विचारलं, रस्त्याच्या टायरचा ठसा गुटक्यांसारखा उमटू शकतो का. ते हसले. "हेगे सर? कसा उमटेल? रबर जसं, ठसा तसा." माझ्या एका फिजिक्सच्या मित्राला सगळं सांगितलं. खाचांत बसलेल्या चिखलाचे गोळे, ओल्या मातीचं आकसणं, असं बरंच बोलला. अर्ध्या गुटक्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, "तुम्ही दोघं त्या वेळी कुठल्या मनःस्थितीत होतात, त्याचाही विचार कर." केलाय. माझ्या डोळ्यांवर मी भरवसा ठेवणार नाही एक वेळ. पण बोटाला लागलेली ती धारदार कड... तिचं काय करू?

त्यानंतर कित्येक आठवडे मी सारखा कागदावर आकृत्या काढत बसायचो — चाकाचा घेर, ठशांची अंतरं. परवा दुपारी गच्चीवरचे कपडे काढता काढता ती म्हणाली, "कसं झालं, ते शोधू नका हो आता. मला तो प्रश्नच पडत नाही."

"मग?"

तिने हातातला टॉवेल घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला.

"एवढी आली होती. मला तळ्यापर्यंत घेऊन गेली. मग घरापर्यंत का नाही आली?"

मी तिच्या हातातून टॉवेल घेतला. वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे याचं उत्तर असेल तर कळवा.