किसनरावांचा भरला काटा

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची कापसाची जिनिंग मिल आहे. फाटकातून आत आलं की आधी लागतो गाड्या मोजायचा काटा, आणि त्याला लागून काचेची केबिन. केबिनमध्ये दोन खुर्च्या. एकीवर मी, शीला, पावत्या काढते. दुसरीवर किसनराव वजन घेतात. माझ्या खुर्चीवर माझ्याआधी किती जण येऊन गेले, पण किसनरावांची खुर्ची कोणी हलवली नाही.

माणूस बोलायला कंजूष. दिवसभरात "घे वर", "उतर" आणि मधे वजनाचा आकडा, एवढंच. पण तो आकडा त्यांच्या तोंडून आला की शेतकरी मान हलवतो आणि पुढे जातो. दुसऱ्या जिनिंगमध्ये वजनावरून हमरीतुमरी चालते, आमच्याकडे नाही.

त्यांची एक पद्धत होती. सकाळी पहिली गाडी काट्यावर उभी करायची, चाकाला हळद-कुंकू लावायचं, काट्याला हात लावून नमस्कार करायचा आणि मगच कॉम्प्युटरचं बटण दाबायचं. रिकाम्या काट्यानं दिवस सुरू करू नये, असं त्यांना वडिलांनी सांगितलेलं. वडीलही काट्यावरच होते.

यंदा हंगामाच्या तोंडावर जुन्या कॉम्प्युटरनं मान टाकली. शेठनी नवा आणला, लिनक्सवाला. यवतमाळची सुरभी येऊन तो बसवून गेली. हुशार मुलगी, कामाला चटपटीत.

आणि मग सुरू झाला तमाशा. एखाद्या सकाळी कॉम्प्युटर सरळ चालू व्हायचा. एखाद्या सकाळी नुसता काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ, पुढे काही नाही. शेजारच्या, काट्याचं वजन दाखवणाऱ्या डब्यावर लाल आकडा दिसायचा, पण पावती निघेना. बाहेर गाड्यांची रांग रस्त्यावर जायची, हॉर्न, आरडाओरडा. काट्यावरची गाडी मागे घेऊन जागा करावी लागे. त्या गडबडीत किसनराव पुन्हा बटण दाबत, आणि मशीनबाईसाहेब उठत!

सुरभी दोन-तीनदा येऊन गेली. तिला सवड दुपारची. वायर बदलली, लिनक्स नव्यानं टाकलं. दुपारी कितीही वेळा बंद-चालू करा, मशीन शहाण्या लेकरासारखी वागायची.

शेवटी शेठ केबिनच्या दारात येऊन म्हणाले, "मशीन नवी आहे, किसनराव. माणूस जुना झाला. आता एकदा जरी अटकली, तर तुम्ही कापसाच्या गठाणींच्या गोदामात बसा. काट्यावर मी दुसरा माणूस पाहतो."

मला असा संताप आला! हातातला पावत्यांचा गठ्ठा मी टेबलावर आपटला. दुसऱ्या दिवसापासून किसनराव अजून लवकर यायला लागले. केबिनमध्ये शिरताना चप्पल बाहेर काढायला लागले. हळद-कुंकू आता कॉम्प्युटरलाही लागलं. मी चिडवलं, "आता याले नारळ फोडा." एरवी गालात तरी हसले असते. त्या दिवशी नाही हसले. आणि ते जितकं मनोभावे करत, तितकी ती मशीन जास्त रुसत होती. मला पाहवेना. मी सुरभीला फोन केला, "दुपारी नोको येऊ. सकाळी ये, फाटक उघडाच्या आंधी."

ती आली. शेठही आले, हाताची घडी घालून दारात उभे राहिले. पहिला ट्रॅक्टर आर्णीकडच्या देवसिंगचा होता. किसनरावांनी तो काट्यावर घेतला, पूजा केली, बटण दाबलं. काळा पडदा. लुकलुकती रेघ.

शेठ काही बोलणार, तेवढ्यात सुरभीनं काचेतून बाहेर पाहिलं. "काका, रोज गाडी उभी करूनच चालू करता?"

"रोज. जुन्यानं कदी काई नाई केलं."

"ट्रॅक्टर जरा खाली घ्या."

रिकाम्या काट्यावर मशीन झटकन चालू झाली. ट्रॅक्टर पुन्हा वर, पुन्हा काळा पडदा. मग तिनं वजनाच्या डब्यातून येणारी वायर काढली. ट्रॅक्टर तसाच उभा, आणि मशीन चालू!

तिनं समजावून सांगितलं. काट्यावर वजन आलं की तो डबा वायरीतून सारखे आकडे पाठवतो. नव्या मशीनला चालू होताना वाटतं, कोणीतरी कळा दाबतंय. म्हणून ती थांबून राहते; एखाद्या दिवशी तो क्षण हुकला, तरच सरळ चालू होते. जुनी मशीन तिकडे लक्ष देत नव्हती.

किसनरावांनी ती वायर हातात घेतली. "म्हंजे मीच अटकवून राह्यलो होतो?"

"नाही काका. मी भरल्या काट्यावर कधी तपासलंच नाही."

तिनं मशीनमध्ये एक-दोन ओळी बदलल्या, वायर लावली आणि ट्रॅक्टर उभा ठेवूनच चालू करून दाखवलं. एकदा, दोनदा, पुन्हा. शेठ म्हणाले, "चला, गाड्या घ्या," आणि निघून गेले. चुकलं म्हणायला जीभ झडली असती जणू! खुर्ची मात्र वाचली.

दुसऱ्या सकाळी देवसिंग उरलेला कापूस घेऊन पुन्हा पहिलाच होता. तो सवयीनं ट्रॅक्टर काट्यावर चढवायला निघाला, तर किसनरावांनी हात आडवा केला.

"थांब. खाली उतर, अंदर ये."

देवसिंग बावरून केबिनमध्ये आला. किसनरावांनी रिकाम्या काट्यावर बटण दाबलं. मी म्हटलं, "काहून? त्या पोरीच्या कामावर भरोसा नाई का?"

"हाये ना. पण शीलाताई, बापानं सांगतलं रिकामा काटा पाहू नोको, म्हून मी नाई पाह्यला. ज्याचा कापूस हाये, त्याले तं रिकामा काटा दाखवाले पाह्यजे होता." मग देवसिंगकडे वळून ते म्हणाले, "पाह्य. शून्य हाये ना?"

देवसिंग डब्याकडे न पाहता त्यांच्याकडेच पाहत राहिला. "किसनभाऊ, मी कायले पाहू? तुमी हाये ना अथी."

किसनरावांनी डबा त्याच्याकडे वळवला. "तरी पाह्य," ते म्हणाले.

देवसिंगनं वाकून लाल शून्य नीट पाहिलं. मग किसनराव बाहेर गेले, ट्रॅक्टरच्या चाकाला हळदीचं बोट लावलं आणि म्हणाले, "घे वर."