सासरचं अपेंडिक्स

आमच्या सासरच्या पुरुषांना मरण चालत होतं, पण जांघेतली गाठ कुणाला कळलेली चालत नव्हती.

सासरे नाशिकच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. हर्निया जुना. शिंक आली की हात धोतरावरून जांघेकडे जायचा आणि बाहेर आलेली गाठ दाबून धरायचा. गाठ आवरायचा कमरेचा पट्टा न्हाणीघराच्या दारामागे वाळायचा. तो कुणाला दिसत नसे. धुवायला मात्र माझ्याकडे.

त्या वर्षी गाठ आत जाईना, तेव्हा ऑपरेशन झालं. बाहेर आलेलं आतडं आत ढकलून पोटाची फट शिवली, एवढंच. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "थोडक्यात बचावलात. अडकून राहिलं असतं तर आतडं सडलं असतं." सासऱ्यांना काळजी वेगळीच. "अपेंडिक्स म्हणायचं," टांग्यात बसताच हुकूम सुटला. माझ्या नवऱ्याने त्यात भर घातली, "फुटायच्या बेतात होतं म्हणू."

मग बघायला येणाऱ्यांची रांग लागली. येईल त्याला अपेंडिक्सची कथा, आणि दर खेपेला ते जरा जास्तच सुजलेलं.

निफाडहून सासऱ्यांचे धाकटे भाऊ आले. द्राक्षांची पाटी खाली ठेवताना त्यांना खोकला आला आणि हात जांघेकडे गेला. तो हात मी रोज पाहिलेला होता. सासऱ्यांनी पाहिलं, नवऱ्याने पाहिलं. दोघंही द्राक्षांकडे बघू लागले.

"अपेंडिक्सचं बरं असतं, दादा," चुलत सासरे म्हणाले. "कापून टाकलं की मोकळं." चेहरा पांढरा पडलेला, पाठीत वाकलेले.

"काका, आडवं झाल्यावर गाठ आत जाते का?" मी विचारलं.

शेजारचे मास्तर मोसंबं सोलायचे थांबले.

"सूनबाई, चहा टाका," सासरे म्हणाले.

"टाकते. आधी सांगते. काका, मामंजींना अपेंडिक्स नव्हतं. हर्निया होता, जांघेतला."

काकांनी भावाकडे पाहिलं. "खरं का, दादा?" मग काका माझ्याकडे वळले. "मला वाटलं, आपल्यालाच हाय. सकाळपासून दाबतोय, आत जाईना. लय कळ येते."

नवरा मला स्वयंपाकघरात बोलावून विचारत होता, चारचौघांत हे बोलायची गरज होती का. मी म्हटलं, "रिक्षा आणा." मास्तर आधीच रिक्षा आणायला गेले होते. काकांना घेऊन मी तडक दवाखाना गाठला. आतडं काळवंडायला लागलं होतं, पण वाचलं. एक रात्र आणखी गेली असती तर वाचलं नसतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मागून आलेल्या नवऱ्याने ते ऐकलं आणि विचारलं, "जखम वरून अपेंडिक्ससारखीच दिसते ना?"

टाके निघाल्यावर काका आमच्याकडून निघाले. "सूनबाई, तुझ्यामुळं जगलो," म्हणाले. मग दारात घुटमळले. "गावात काय सांगायचं, दादा?"

"अपेंडिक्स," सासरे म्हणाले.

पुढे काकांच्या दुसऱ्या बाजूलाही गाठ उतरली. या वेळी मात्र वेळेवर आले, ऑपरेशन झालं, आणि गावात परत अपेंडिक्सच सांगितलं. माणसाला ते एकच असतं, हे त्यांना कुणीच म्हणालं नाही. निफाडच्या निम्म्या बाप्यांची अपेंडिक्सं अशीच निघाली असणार.