मागच्या दारची ओटी

पदर पसरून उभी होती मी. वहिनी माझ्यासमोरून पुढं सरकली अन् बाजूच्या बाईची ओटी भरली. माझा पदर तसाच. साऱ्याजणी पाहून राहिल्या होत्या.

पंचायत समितीच्या सभापतीची निवडणूक होती त्या दिवशी. आमच्याकडं मतदानाच्या आधी सदस्य उचलून नेतात, कोणी फुटू नये म्हणून. त्याले सहल म्हणतात. आमाले तेल्हाऱ्याहून वलगावजवळ भाऊच्या सासऱ्याच्या बंगल्यावर ठेवलं होतं. भाऊ म्हणजे तालुक्याचा पुढारी. त्याचा भाचा उभा होता. मी राखीव जागेवरून निवडून आलेली, अपक्ष. दोन्ही बाजू बराबर होत्या. माझा हात जिकडं, तिकडं सभापती.

माझ्या बापानं भाऊच्या लग्नात डफडं वाजवलं होतं. आमच्या जातीचा धंदाच तो. वाजवायचं मांडवाबाहेर, जेवायचं उकिरड्याजवळ. पण सहलीत भाऊ मले उठता-बसता ताई म्हणे. गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. मले वाटलं, दिवस बदलले. येडीच होती मी.

निघायच्या वक्ताले भाऊच्या बायकोनं, वहिनीनं, ओट्या भरायले घेतल्या. मले वगळलं. मग मागच्या दाराशी बोलावलं. नारळ अन् ब्लाऊजपीस मोरीजवळच्या फरशीवर ठेवलं.

"घे तिथून. घरात देव हाये. तुले समजत असनच."

भाऊ तिथंच बूट घालून राहिला होता. मी त्याच्याकडं पाहिलं. वाटलं, आता तरी काही बोलन.

"मनावर नको घेऊ," तो म्हणे. "नारळ उचल अन् गाडीत बैस. उशीर होते."

मी उचलला नाही. तसाच ठेवून गाडीत जाऊन बसली. अपमान तिनं केला, अन् लाज मले वाटत होती. त्या लाजेचा राग आजबी येते मले.

सभागृहात मतदान घेणाऱ्या साहेबानं भाच्याचं नाव घेतलं. बाजूचीनं कोपर मारलं. माझा हात मांडीवर. मग दुसऱ्याचं नाव घेतलं. मी हात वर केला. तो काही माझा सोयरा नव्हता. मले भाऊले पाडायचं होतं.

जिंकलेले पेढे घेऊन आले. म्हणे, "तू आता आमची."

मी विचारलं, "तुमच्या घरी मले कुठं बसवान?"

पेढ्याचा डबा पुढच्याकडं सरकला. तवापासून मी विरोधी बाकावर. भाऊचीबी विरोधक, यायचीबी.

भाऊनं सूड घेतला. बापाले लग्नात डफडं वाजवायच्या सुपाऱ्या येणं बंद. भाऊच्या धाकानं कोणी बोलावेना. माझा सख्खा भाऊ म्हणे, "पाया पड त्याच्या. काहून घर बुडवून राहिली?" बाप त्याच पावसाळ्यात गेला. तिरडी निघाली तं मसणवटीच्या वाटेवर पुढाऱ्याच्या माणसाईनं ट्रॅक्टर आडवा लावलेला. चाबी हरवली म्हणे. हासत होते. आमी बापाले बाजूच्या वावरातून नेलं, घोट्याएवढ्या चिखलातून. खांदेकरी घसरला. बाप चिखलात पडला.

आता जिल्हा परिषदेची निवडणूक हाये. त्या पुढाऱ्यानं वहिनीले उभं केलं. मी तिच्याविरुद्ध अर्ज भरला. काल त्याचा माणूस येऊन गेला.

"अर्ज मागं घे. ट्रॅक्टर विसरली काय?"

"नाही विसरली. म्हणूनच भरला."

पडली तं फिरून भरीन. अन् उद्या या दोन्ही बाजूच्यायनं मले खांद्यावर घेऊन मिरवलं, तरी मी यायच्या समोरच्याच बाकावर बसीन.