पोटात पोकळ जंभल

वडशात नाटकांचा हंगाम लागला की गुलाब सुताराला मान वर करायला फुरसत नसे. राजाचं सिंहासन, गदा, तलवारी, सगळं त्याच्याच हातून घडायचं. पण १९८४ च्या हिवाळ्यात त्याने नाटकमंडळींची दोन कामं परत धाडली. स्टेशनजवळ स्वेटर विकणाऱ्या ल्हामोबाईने त्याच्यापुढे एक चुरगळलेलं चित्र ठेवलं होतं.

ल्हामोबाई गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतली. चित्रात ढेरपोट्या जंभल बसला होता. एका हातात महाळुंगाचं फळ, दुसऱ्यात मुंगूस, आणि मुंगसाच्या तोंडातून रत्नं ओघळत होती.

"धन का देवता. घर की पूजा के लिए," ती म्हणाली. "लोसर तक लकड़ी की मूर्ति चाहिए." लोसर म्हणजे त्यांचं नवं वर्ष.

गुलाबच्या घरात तसबिरी दोनच, बुद्धाची अन् बाबासाहेबांची. चित्र पाहून त्याची बायको सत्यशीला थबकलीच.

"आपण देव सोडले ना? मंग हा काऊन घडवता?"

"आपल्याले थोडीच पुजायचा हाय? तो तिच्या घरचा. पण हे मुंगूस पाय ना! आजवर नुसत्या लाकडी तलवारीच केल्या मी."

त्याच्या डोळ्यांतली चमक पाहून ती हसली. "मंग नीट करा. मांजर नोका करू."

दोन दिवस पहाटेच तो धानाच्या बांधीत पोटावर पडून राहिला. तिसऱ्या दिवशी मुंगूस दिसलं. तुरुतुरु आलं, मान वळवली, दात दाखवले अन् पसार! गुलाब धावतच घरी आला, पटाशी उचलली आणि शिवणीच्या लाकडात ती मान जशीच्या तशी उतरवली.

मूर्ती झाली. ल्हामोबाईने ती कपाळाला लावली, मग उलटी करून पाहिली आणि तिचा चेहराच पडला.

"अंदर से खाली नहीं? लामा लोग अंदर मंत्र भरते हैं. उसके बिना पूजा नहीं होती."

लोसरला चार दिवस उरले होते. नवी मूर्ती होणं शक्यच नव्हतं. घडलेली मूर्ती बुडातून कोरायची, आणि पोट फुटलं तर महिन्याची मेहनत मातीत!

"मी धरतो," सत्यशीला पुढे झाली. तिने गोधडीच्या घडीत मूर्ती उलटी दाबून धरली. गिरमिट फिरू लागलं, भुसा उडू लागला. मध्येच टक्‌ वाजलं. बुडाशी केसाएवढी चीर! गुलाबने ओल्या सुतळीने बूड करकचून आवळलं आणि पुन्हा कोरायला घेतलं. सत्यशीला जंभलाच्या पोटाला कान लावून बोटाने टकटक करत होती.

"आणखीन... आणखीन थोडं... बस! आवाज बदलला! थांबा!"

तो थांबला. आतून बोट फिरवलं. पोट पातळ झालं होतं, पण शाबूत होतं. दोघंही भुशात बसून वेड्यासारखी हसत सुटली.

लोसरच्या आदल्या दिवशी दोघं मूर्ती घेऊन गोठणगावला गेली. म्हाताऱ्या लामांनी मंत्रांच्या कागदी गुंडाळ्या आणि धान्य मूर्तीत भरलं, बूड बंद केलं. मग मुंगसाकडे बोट दाखवून ते कुणी कोरलं, असं विचारलं. ल्हामोबाईने गुलाबला पुढे ढकललं. लामांनी त्याच्या गळ्यात मानाचा पांढरा रेशमी पट्टा घातला. गुलाबने सत्यशीलाला ओढून शेजारी उभं केलं.

"हिनंच ऐकलं जी, कुठी थांबायचं ते!"

दुसरा पट्टा तिच्या गळ्यात पडला. परतीच्या एसटीत गुलाब वडसा येईपर्यंत बोलतच होता. वसाहतीतल्या आणखी तिघांनी मूर्ती मागितल्या होत्या.