भावाच्या मांडीचा तुकडा

"धागे आखूड होत नाहीत बरं, सरकतात." दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवत अक्का दरवर्षी नव्या मुलांना हे सांगायच्या. वास्तविक शिकवण्याचं काम माझं. अक्का धुळ्याच्या आमच्या मेडिकल कॉलेजात लॅब टेक्निशियन. मेणात बसवलेल्या मांसाचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून त्या रंगवायच्या. पण सूक्ष्मदर्शकाला तुम्ही पहिल्यांदाच डोळा लावला असेल, तर फळ्यावरच्या आकृतीपेक्षा त्यांची बोटंच जास्त कळायची.

"तंतूवर काळ्या-पांढऱ्या आडव्या रेघा दिसतात ना? काळ्या पट्ट्यात जाड धागे. बारीक धागे त्यांच्यात आणखी आत शिरले की पांढरा पट्टा अरुंद होतो, काळा तेवढाच राहतो. झालं, दंड फुगला!"

मुलं स्वतःचे दंड चाचपून बघत. मीही बघितला होता.

अक्का सोनगीरच्या. वडील, म्हणजे आबा, तांब्या-पितळेची भांडी घडवायचे. धाकटा भाऊ त्यांच्याच हाताखाली. चोविशीत त्याच्या हातून हातोडा निसटायला लागला. पायरी चढताना तो भिंत धरायला लागला. आबा चारचौघांत त्याला आळशी म्हणत. एकदा रागाच्या भरात त्यांनी त्याच्यापुढचं जेवणाचं ताट उचललं. हे कळलं त्या आठवड्यात अक्का भावाला तपासणीला घेऊन आल्या.

डॉक्टरांनी मांडीतून स्नायूचा तुकडा काढला. तो आमच्याच लॅबमध्ये आला.

"अक्का, हा दुसऱ्या कोणाला करू द्या," मी म्हणालो.

"आणि बिघडला तर पुन्हा त्याची मांडी कापायची का, सर?"

त्यांनी स्वतः काप घेतले, रंगवले, आणि त्या डोळा लावून बसल्या. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "तंतू लहानमोठे झालेत. मधे चरबी भरलीये." रिपोर्टात पुढे तेच आलं, आजाराच्या नावासकट. औषधाने बरा होणारा आजार नव्हता तो.

त्यानंतर अक्कांनी पॅथॉलॉजीच्या मॅडमची परवानगी काढली आणि एका सकाळी आबांना लॅबमध्ये आणलं. शेजारी शेजारी दोन सूक्ष्मदर्शक लावले. आधी निरोगी स्नायू दाखवला.

"कसं एकसारखं शे!" आबा कारागिराच्या नजरेने म्हणाले.

मग दुसऱ्यात बघितलं. "हाई कोनं शे?"

"आपल्या भाऊचं, आबा."

आबांनी डोळा काढला नाही. शेवटी वळले ते माझ्याकडे, आणि जणू आरोप मीच केला होता अशा थाटात म्हणाले, "मन्हा पोऱ्या आळशी नही शे, साहेब."

अक्का स्लाइड पुसायला लागल्या.

दोन वर्षांनी अक्कांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि त्या सोनगीरला राहायला गेल्या. मागच्या हिवाळ्यात मी भेटायला गेलो, तर दारात कोणी 'या' म्हणालं नाही. आत भावाला खाटेवरून उठवणं चाललं होतं.

"सर, जरा थांबा. आधी याला उभं करते," अक्का म्हणाल्या. त्यांनी त्याच्या दोन्ही बगलांत हात घातले. आबा फरशीवर उकिडवे बसले आणि पाय घसरू नयेत म्हणून त्यांनी मुलाची पावलं तळहातांनी दाबून धरली.

"हं!" अक्का म्हणाल्या.

तो उठला. थोडा झुलला, मग सावरला, आणि हसून मला म्हणाला, "या, सर." आबांनी हात मात्र काढले नाहीत.