शब्द बाचा, संसार माझा

पनवेलच्या एस.टी. स्टँडवर, आये, तू माझ्या हातात सुक्या बोंबलांचं गाठोडं दिलंस आणि पदर तोंडाला लावलास. बा आला नव्हता. पाखऱ्या बैलाच्या खुरात काटा गेला होता, त्याला सोडून येणं बाला जमलं नाही. शेजारी बसलेल्या नवऱ्याचा आवाजही मी तोवर धड ऐकला नव्हता.

माझं लग्न ठरलं ते गव्हाणच्या बैलगाड्यांच्या शर्यतीत. बाची गाडी पहिली आली, गुलाल उडाला, आणि हरलेल्या गाडीवाल्याने मोठ्या मनाने बाला मिठी मारली. बाला भरून आलं. तिथल्या तिथे, चार माणसांत तो बोलून गेला, "माजी पोर तुज्या पोराला दिली." पोरगा इटारसीला रेल्वेत होता. इटारसी कल्याणच्या जरा पुढे असेल, असं बा धरून चालला. याच बाने आदल्या वर्षी गोऱ्हा विकताना गिऱ्हाइकाच्या गावी दोन खेपा घातल्या होत्या. गोठा बघितला, विहिरीचं पाणी चाखलं, मगच कासरा सोडला.

मी रडले तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "बाचा शबुद गेला, आता काय नाय."

इथे क्वार्टरच्या भिंतींवर इंजिनाची काजळी बसते. शेजारणी मला 'बंबईवाली' म्हणतात. मुंबई मी गाडीच्या खिडकीतूनसुद्धा पाहिलेली नाही. भाजीला 'सब्जी' म्हणायला शिकले, चिंबोऱ्यांचं कालवण विसरले. हे वाईट नाहीत. पण यांचंही बासारखंच, मनात आलं की करून मोकळे. घरात विचारायची पद्धत नाही.

माहेरी आले की बा ओटीवर बसून लोकांना सांगायचा, मी शब्दाला जागलो. शब्द त्याचा आणि जागले मी. याचं मला अजून वाईट वाटतं, आणि रागही येतो.

गेल्या महिन्यात यांना ड्रायव्हरची बढती मिळाली. सोबतचे एक ड्रायव्हर, आपल्याकडचेच, पेढे घेऊन आले. हे इतके खुशीत, की पेढा तोंडात असतानाच म्हणाले, "आमची सुमन तुमच्या पोराला दिली." सुमन दहावीत आहे. ती दारातच उभी होती, तिचा चेहरा मी पाहिला. परक्या माणसासमोर मी कधी बोलत नाही, पण त्या दिवशी पुढे झाले.

"तिला विचारा," मी म्हटलं.

यांनी विचारलं नाही. मग मीच विचारलं. ती नाही म्हणाली. पाहुणे पेढे ठेवून गेले, आणि हे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून हे क्वार्टर मला माझं घर वाटतं.

दोनच शब्द होते, आये. ते तुला कुणी बोलू दिले नसते, हे मला कळतं. तरी तू बोलून बघायला हवं होतंस.