सेरीवहिनीचं घर

विसूभाऊ स्वतःच्या घरात शिरण्याआधी दाराशी खाकरायचे, आणि आतून "ये" आल्याशिवाय पाऊल टाकायचे नाहीत. आमच्या काळाचौकीच्या चाळीत असं दुसरं बिऱ्हाड नव्हतं. ते टांझानियात गॅरेजमध्ये नोकरीला होते, तिथूनच मसाई घरातली नासेरियान बायको करून आणली. आमच्या जिभांनी तिची सेरीवहिनी केली. मराठी ती सासूकडून शिकली, म्हणजे मालवणीच.

मी एकदा चिडवलं, "अगं, बिचाऱ्याला उंबऱ्यावर का ताटकळवतेस?"

"आमच्यात घर बायको बांधता, घोव रवाक येता."

नुसती बोलणारी नव्हती ती. आल्या आल्या गवंड्याला परत धाडून खोलीची पोपडे धरलेली भिंत तिनं स्वतः उतरवली, स्वतः चढवली. सासू कपाळाला हात लावून बसली. "माझो हात लागल्याशिवाय ता घर कसा?" हे हिचं पालुपद.

पुढे सासू गेली, मग विसूभाऊही गेले. तेराव्याचे पाहुणे पांगतात न पांगतात तोच शीवचा धाकटा दीर हजर. चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार होती ना. म्हणाला, "वहिनी, तुम्ही आता तुमच्या देशात जा." आणि ती बाजारात गेलेली बघून दाराला कुलूप ठोकून गेला. मेल्याला लाज कशी ती नाही.

सगळे म्हणाले, कुलूप फोड. ती म्हणाली, "कुलूप तेचा. घर माझा."

मंडळाच्या मांडवाचे उरलेले बांबू तिनं मागून आणले, चिरून कामट्या काढल्या, वाकवल्या, आणि त्याच दाराला टेकून गॅलरीत घर उभं करायला घेतलं. ठेंगणं, वाकूनच शिरता येईल असं. तिच्या माहेरी बायका असंच बांधतात म्हणे. मी आधी हबकलेच, मग पदर खोचला. शेणामातीत आम्ही साऱ्याजणी कोपरापर्यंत बरबटलो. वरच्या मजल्यावरून वासाची तक्रार आली, त्याला मीच सुनावलं.

दीर परत आला तेव्हा त्याला कळलं, की कुलपापर्यंत जायचं तर या घरातूनच जावं लागणार. बराच तडतडला. आम्ही कोणी हललो नाही. शेवटी वाकून, गुडघे टेकत आत शिरला.

आत स्टोव्हवर चहा उकळत होता. "भावजी, इलात मां? बसा, चाय घेवा. पावण्यान घरकारणीक भायर काढूचा नसता. चाय झाली की ता कुलूप काढा."

त्यानं चहा घेतला आणि मान खाली घालून कुलूप काढलं. तेव्हापासून आमच्या चाळीत नवरा गेलेल्या बाईला "आता तू जाणार कुठे?" असं कोणी विचारत नाही.